उत्तर लिहून देण्याआधी

विज्ञानाच्या तासाला सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न कोणता? ‘बाई, हे परीक्षेत येणार का?’ यात दोष मुलांचा नाही. प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून द्यायची आणि मुलांनी ती पाठ करायची, ही सवय आम्ही शिक्षकांनीच लावली आहे.

वास्तविक पादऱ्याच्या आसपास भाजीपाल्याचे मळे आहेत. प्रयोगशाळा दाराशीच आहे. परवळाच्या मळ्यात काही वेलांना कधीच फळ धरत नाही, तरी शेतकरी ते राखतो. का? ‘परवळाची नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलांवर येतात’ हे वाक्य पाठ करायला एक मिनिट पुरते. पण मुलांनी दोन्ही फुले शेजारी ठेवून पाहिली, मादी फुलाखालचा फुगीर भाग ओळखला, काही मादी कळ्यांना उमलण्यापूर्वी कागदी पिशवी बांधली आणि फळ धरते का याची नोंद ठेवली, तर परागीभवन ती विसरणार नाहीत. अंदाज चुकला, तर का चुकला हेही शोधतील.

हे काही नवे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून असा उपक्रम सुरू झाला आणि १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला. सहावी ते आठवीची मुले गटाने प्रयोग करीत व निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेत पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा होती. पाठांतराला महत्त्वच उरले नाही. २००२ साली शासनाने तो बंद केला. आक्षेपांमध्ये बोर्डाच्या निकालाचा मुद्दाही होता. म्हणजे केवळ शिक्षकांच्या उत्साहावर असे काम टिकत नाही. त्यामागे पालक आणि समाज उभा असावा लागतो.

अभ्यासक्रम पुरा होणार कसा, ही शंका रास्त आहे. प्रत्येक धडा असा शिकवता येणार नाही. महिन्याला एक प्रश्न मात्र नक्की घेता येईल.

म्हणून आमची विनंती अशी. विश्वस्तांनी त्यासाठी वेळापत्रकात जोडतास आणि वर्गाला पुरतील इतकी भिंगे द्यावीत. पालकांनी वहीत उत्तराऐवजी नुसती निरीक्षणे दिसली तर रागावू नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, आम्हाला उत्तर आले नाही तर हसू नका. आपण ते मिळून शोधू.