वंशावळीत आम्ही कुठे?

मैत्रिणींनो, सांगलीकडच्या गावांत हेळवी येतात. घराण्याच्या पिढ्या सांगायच्या आणि धान्य-पैसे घ्यायचे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. आमच्या दारात आलेल्या हेळव्याने मूळ पुरुषापासून माझ्या भावाच्या मुलापर्यंत सारी नावे म्हणून दाखवली. त्यात माझी आजी नव्हती, आई नव्हती, मीही नव्हते. दोष त्याचा नाही. घरातल्या पुरुषांनी जे सांगितले, तेच त्याने जपले.

हा केवळ आठवणींचा प्रश्न नाही. बाप वारला की वारसनोंदीसाठी अशीच वंशावळ कागदावर उतरते. तिथे बहिणींची नावे गळतात. लागलीच तर पाठोपाठ हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते. माहेर तुटेल ही भीती पुरेशी असते. एका साडीचोळीवर जमीन सुटते. खरे तर हिंदू वारसा कायद्यात बदल करून महाराष्ट्राने १९९४ सालीच, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. त्यासाठी २००५ मध्ये बाप हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा बदलला, वंशावळ जुनीच राहिली.

गावाच्या इतिहासाचेही तेच. १९४९ पर्यंत आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग एकाच जिल्ह्यात होता. तिथल्या प्रतिसरकारच्या लढ्यात हौसाताई पाटील, लीलाताई पाटील, इंदुताई पाटणकर उतरल्या. त्यांची नावे तरी राहिली. पण भूमिगतांसाठी रात्री-अपरात्री भाकऱ्या थापणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या बायांचे काय? ‘स्त्रियांनीही साथ दिली’ एवढ्या एका ओळीत त्या साऱ्या संपल्या.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता सरकारी कागदांवर आईचेही नाव लागते. चांगलेच झाले. पण मागच्या पिढ्यांतल्या बायांची नावे सरकार शोधणार नाही. ते काम आपले. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आई, आजी, पणजी यांची नावे, त्यांचे माहेरचे गाव आणि त्यांनी राबलेली शेते लिहून आणावीत. आणि पुन्हा हेळवी दारात आला, की त्याच्यासमोर आपणच बसावे आणि सांगावे : काका, आता लेकींचीही नावे लिहा.