पाटी क्लबाची, पट जुगाराचा

जुगाराच्या जागांना परवाने देण्याचा अधिकार नगरपरिषदेस असावा काय, हा प्रश्न उमरीसारख्या तालुक्याच्या गावी प्रथमदर्शनी अनाठायी वाटेल. पैजा व जुगार हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविला आहे आणि महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली अड्डा चालविणे हा गुन्हा होय. तथापि कायद्याचे पुढचे दार बंद असले, तरी मागील दाराची किल्ली पुष्कळदा स्थानिक संस्थेच्याच हाती असते, हे विसरता कामा नये.

निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. निजामी अमदानीत मराठवाड्यावरही ज्याचा अंमल होता, त्या हैदराबाद जुगार कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबावर खटला झाला. त्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. परंतु पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबाचा चालक नफा काढीत असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकेल, असेही त्याच निकालात म्हटले आहे. निकालाचा पूर्वार्ध पुष्कळांस मुखोद्गत असतो. उत्तरार्ध सोयीस्करपणे विसरला जातो. मग ‘करमणूक मंडळ’ अशी पाटी लागते, आणि भिंतीवर गाळ्याचा भाडेपट्टा, ना-हरकत पत्र व कराची पावती झळकते. यांतील एकही कागद जुगाराची परवानगी नव्हे. पण बाजाराच्या दिवशी मजुरी खिशात घालून आलेल्या माणसास तो सरकारी शिक्काच वाटतो.

यावर काही व्यवहारी मंडळी म्हणतात की, बंदीने काय साधले? १९६० नंतरच्या दशकात मुंबईत फोफावलेला मटका कायदा असतानाच वाढला. त्यापेक्षा उघड परवाने द्यावेत आणि त्या पैशातून नळ व गटारे करावीत. हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. पण अनुभव काय सांगतो? गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांस मुभा दिली, १९९६ मध्ये जहाजांवर पट मांडू दिले. आणि आता मांडवीतून कॅसिनो हलविण्याचा विषय निघाला की तिजोरीचे उत्पन्न आडवे येते. ब्रिटनने २००५ च्या कायद्याने जागांचे परवाने स्थानिक कौन्सिलांकडे दिले, पण शक्यतो परवानगी देण्याकडेच कल ठेवावा असे बंधनही त्याच कायद्याने घातले. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला, हे इष्टच झाले.

ज्या दिवशी नगरपरिषद जुगारातून एक रुपया शुल्क घेईल, त्या दिवसापासून अड्डा गजबजलेला राहणे ही तिच्या अंदाजपत्रकाची गरज होईल. आणि तो रुपया येणार कोठून? कापूस वेचणाऱ्या बाईच्या मजुरीतून, सोयाबीन विकून आलेल्या शेतकऱ्याच्या पिशवीतून. जुगारास व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच चमारबागवाला खटल्यात सांगितले. जो व्यापार नव्हे, त्याच्या नफ्यात लोकनियुक्त संस्थेने भागीदार का व्हावे?

पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. फोनवरील पट मिटला, तर तो चौकातील खोलीत पुन्हा मांडला जाण्याचा संभव आहे. म्हणून नगरपरिषदांनी आताच सावध व्हावे. आपल्या गाळ्यात जुगार सिद्ध झाल्यास पट्टा रद्द होईल, अशी अट करारात घालावी; करमणूक मंडळांना द्यावयाची प्रत्येक ना-हरकत आधी फलकावर लावून शेजाऱ्यांच्या हरकती ऐकाव्यात आणि तिची प्रत पोलीस ठाण्यास धाडावी. यास नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. लागते ती सही करण्यापूर्वी कागद वाचण्याची तसदी. आणि मतदारांनी आपल्या नगरसेवकांकडून तेवढी तरी वसूल केलीच पाहिजे.