लेखणी यंत्राची, ताळा आपला

पडाव आणि लष्कर ही आपल्या ग्वाल्हेरातील दोन्ही नावे मुळात छावणीची. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. जेथे छावणी तेथे रसद, जेथे रसद तेथे जमाखर्च, आणि जेथे जमाखर्च तेथे दौत-लेखणी घेऊन बसलेला कारकून हा ठरलेलाच. शिंद्यांच्या फौजेमागोमाग उत्तरेत आलेल्या आपल्या घराण्यांपैकी कित्येकांनी तलवारीपेक्षा लेखणीवरच पिढ्या काढल्या. संस्थान गेले, पण लेखणी सुटली नाही; ती महालेखाकारांच्या कार्यालयात, बँकांत, रेल्वेत आणि सनदी लेखापालांच्या पेढ्यांत गेली. म्हणून आज आपल्या घरांतून जो प्रश्न विचारला जातो, तो निव्वळ कुतूहलाचा नव्हे, पोटापाण्याचा आहे. लिहिणारे यंत्र आले. आता हिशेबाच्या टेबलाशी बसलेल्या आमच्या मुलामुलींचे काय?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि मागोमाग त्याची भावंडे आली. ह्या यंत्राचे काम कसे चालते हे समजून घेतले, तर त्याविषयीची भीती आणि भक्ती दोन्ही कमी होतात. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, एवढे ते शिकलेले असते. त्या जोरावर ते अस्खलित लिहिते. परंतु अस्खलित असणे आणि खरे असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नुसत्या शब्दांच्या आधारे मोठी बेरीज सांगण्यात ते चुकू शकते, आणि चुकीचे उत्तरही तितक्याच ऐटीत देते. हा त्याचा स्वभाव एकदा ओळखला, की त्याच्याकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे ठरविणे अवघड राहत नाही.

पडावातील एखाद्या कर-सल्लागाराची लहानशी पेढी डोळ्यांपुढे आणा. एका दुकानदाराची खरेदी-वही आणि वस्तू व सेवा कराचे ‘२बी’ विवरण जुळत नाही. पाहू गेल्यास वहीत बिलाचा क्रमांक नुसता ‘४५’, तर विवरणात ‘००४५/२५-२६’ असा. अशी शेकडो बिले डोळ्यांनी जुळविण्यात दोन दिवस जातात. येथे यंत्रास उत्तर विचारू नये. सुरुवातीची शून्ये आणि तिरकी रेघ व तिच्यापुढील वर्ष काढून टाकून क्रमांक जुळविण्याचे सूत्र विचारावे. ते सूत्र एक्सेलच्या तक्त्यात घालावे, म्हणजे जुळणी तक्ता करील आणि ती पुन्हा तपासताही येईल. दहा बिले हाताने जुळवून सूत्राची परीक्षा घ्यावी आणि मगच ते सर्व वहीस लावावे.

दुसरे काम मसुद्याचे. नोटिशीस उत्तर लिहावयाचे असते; मुद्दे ठाऊक असतात, पण इंग्रजी वाक्य जुळत नाही. आपल्याकडे अशील हिंदीत सांगतो, खाते इंग्रजीत विचारते आणि आपण मनात मराठीत विचार करतो. अशा ठिकाणी यंत्र चांगला दुभाषी ठरते. मात्र त्यास मुद्दे आपण द्यावेत, आणि “जे मी दिलेले नाही ते घालू नकोस, माहिती नसेल तेथे जागा मोकळी सोड” अशी स्पष्ट ताकीदही द्यावी. तिसरे काम वाचनाचे. शंभर पानी वार्षिक अहवालातून देणी, तारण व लेखापरीक्षकाचे शेरे कोणत्या पानांवर आहेत, हे यंत्र पटकन दाखवू शकते. ती पाने मात्र आपणच उघडावयाची.

ताकीद आणि तपासणी ह्यांवर एवढा भर देण्यास कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे केएमजी वायर्स ह्या कंपनीचे प्रकरण आले. २०२३-२४ ह्या कर-निर्धारण वर्षासाठी कंपनीने ३.०९ कोटी रुपये उत्पन्न दाखविले होते. आयकर खात्याने ते २७.९१ कोटी ठरविले. त्या आदेशात आधारासाठी ज्या तीन न्यायनिर्णयांचा हवाला दिला होता, ते निर्णय अस्तित्वातच नव्हते! न्यायमूर्ती कोलाबावाला व जामसांडेकर यांच्या खंडपीठाने आदेश रद्द करून प्रकरण नव्याने विचारासाठी परत पाठविले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ह्या काळात यंत्राने पुढे टाकलेल्या निष्कर्षांवर आंधळेपणाने विसंबू नये, वापरण्यापूर्वी ते पडताळून घ्यावेत, असेही त्यांनी बजावले. ज्याच्या नावे चोवीस कोटींहून अधिक उत्पन्न वाढविले जाते, त्याच्या झोपेचा विचार केला म्हणजे पडताळणी न करण्याची किंमत कळते.

मोठ्या नावांचीही ह्यातून सुटका नाही. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील डेलॉइट ह्या प्रख्यात पेढीने तेथील सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार डॉलरांच्या करारातील शेवटचा हप्ता परत करण्याचे मान्य केले. तिने दिलेल्या अहवालात अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे दाखले आणि न्यायालयाच्या तोंडी घातलेले कल्पित वाक्य सापडले होते, आणि अहवालाच्या कामी असे यंत्र वापरल्याचे पेढीने पुढे नमूद केले.

आणखी एक अडचण काळाची. यंत्राचे वाचन जेथे थांबते, तेथे त्याचे जगही थांबते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. बहुतेक मालावरील १२ व २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ आणि १८ हे मुख्य राहिले. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो, तो १ एप्रिल २०२६ पासून; कलमांचे क्रमांक निराळे, आणि ‘कर-निर्धारण वर्षा’च्या ठिकाणी ‘कर वर्ष’. मागील वर्षांची प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याने चालावयाची. अशा संधिकाळात यंत्र जुने कलम नव्या वर्षास सहज चिकटवून देईल. त्याने सांगितलेले प्रत्येक कलम मूळ कायद्यात उघडून पाहावे, ह्यास पर्याय नाही.

गुप्ततेचा प्रश्न ह्याहून नाजूक. २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, असे कळविले. सरकारी माहिती बाहेर जाण्याची भीती हे कारण. खाजगी पेढीसही हाच विवेक हवा. अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर देणे हे १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. तेव्हा नाव, पॅन, खाते क्रमांक काढून त्या जागी ‘क’ आणि ‘ख’ लिहावे, किंवा ते कागद यंत्रास दाखवूच नयेत.

आता मूळ प्रश्नाकडे. नक्कल करणे, जुळविणे, मसुदा करणे ही कामे कमी होतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जबाबदारी घेणारा माणूस लागेलच. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या पुष्पक भट्टाचार्य समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी सात सूत्रे मांडली, त्यांत उत्तरदायित्व हे एक आहे : यंत्र वापरणाऱ्या संस्थेस त्याच्या निर्णयाची जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही. आपणांस हे नवे वाटू नये. शिवकाळी किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे निरनिराळे अधिकारी असत. हुकूम एकाचा, हिशेब दुसऱ्याचा, म्हणजे सर्व सत्ता एकाच हाती राहू नये. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हाच त्यातला धडा. यंत्र लिहू लागले असेल, तर तपासनिसाची जागा आपली.

मात्र ती जागा रिकाम्या हाताने मिळत नाही. बेरजेतील फरकास नवाने पूर्ण भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा, हे जुन्या कारकुनास ठाऊक असे. ५,४६० चे ५,६४० झाले, तर फरक १८०, आणि त्यास नवाने भाग जातो. ही नजर त्यास हजारो नोंदी स्वतः लिहून आली होती. ज्याने कधी ताळेबंद हाताने जुळविलाच नाही, त्यास यंत्राची चूक दिसणार कोठून? म्हणून घरातील ज्या मुलामुलींनी नुकतीच लेखापालाची उमेदवारी धरली आहे, त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे असे की, पहिले वर्षभर मसुदा आधी स्वतः करावा, मग यंत्राकडून करून घ्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. वेळ दुप्पट लागेल, हे खरे. पण ज्या कागदावर उद्या आपली सही व्हावयाची, त्यातील प्रत्येक आकडा कोठून आला हे सांगता येणे, एवढीच ह्या धंद्यातील खरी नोकरी आहे. आणि ती अजून कोणी हिरावून घेतलेली नाही.