हसू नका, विचारू द्या

मागच्या आठवड्यात गुरुजींनी आम्हाला निकोलस स्टेनोची गोष्ट सांगितली. त्यावरून मला जे वाटले ते लिहिते.

स्टेनोचा जन्म १६३८ साली डेन्मार्क देशातल्या कोपनहेगन शहरात झाला. त्याचे वडील सोनार होते. तो वैद्यकी शिकला आणि पुढे इटलीत फ्लॉरेन्सला राहिला. १६६६ साली तिकडच्या समुद्रात कोळ्यांनी भला मोठा शार्क मासा पकडला. राज्यकर्त्याने त्याचे मुंडके स्टेनोकडे तपासायला धाडले. स्टेनोने दात बघितले. अगदी तसलेच दगड माल्टा बेटावरच्या खडकांत सापडत. लोक त्यांना जिभेचे दगड म्हणत. कोणी म्हणे ते आभाळातून पडले, कोणी म्हणे खडकातच उगवले. स्टेनो म्हणाला, हे तर माशाचे दात! त्याच्या आधीही एकाने हे सांगितले होते, पण स्टेनो तेवढ्यावर थांबला नाही. माशाचा दात खडकात शिरला कसा? हा प्रश्न त्याने धरून ठेवला.

१६६९ साली त्याने पुस्तक लिहिले. पाण्यातला गाळ थराथराने बसतो, त्याचा खडक होतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हा नियम आजही भूगर्भशास्त्रात शिकवतात. नंतर तो धर्मगुरू झाला आणि १६८६ साली वारला. पण नियम राहिला.

रविवारी मी ओढ्याची दरड बघून आले. खाली गोटे, त्यावर वाळू, वर गाळ. म्हणजे गोटे आधी आले! मला लई आनंद झाला.

पण एक गोष्ट मनाला लागली आहे. गोष्ट चालू असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, सगळ्यात खालच्या थराच्या खाली काय असतं?" सगळे फिदीफिदी हसले. मीपण हसले. गुरुजी रागावले, पण तेव्हापासून तो हात वर करत नाही.

माझ्या मते आमचे चुकले. त्याचा प्रश्न स्टेनोसारखाच होता. प्रश्नाला हसले की विचारणारा गप होतो, मग कुणालाच काही कळत नाही. म्हणून कुणी हसू नये.

येत्या रविवारी मी त्याला दरड दाखवायला नेणार आहे. आधी माफी मागणार.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी