तंबाखू नाही, ‘फक्त सुपारी’ खाता ना?

“डॉक्टरसाहेब, तंबाखू नाही खात मी. फक्त सुपारी.”

आमच्या धामणगावात हे वाक्य चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासारखे पुढे केले जाते. खर्रा खाणारा ‘तंबाखू कमी टाकायला सांगतो’ म्हणतो, आणि आई शाळकरी मुलाबद्दल ‘गोड सुपारीच तर खातो’ म्हणते. माझे भांडण या ‘फक्त’शी आणि ‘तर’शी आहे.

गालाच्या आतून जीभ फिरवून बघा. जे मऊ, ओलसर लागते ते अस्तर एका थराचे नाही. वर पेशींचे पातळ आवरण असते, त्याला एपिथेलियम म्हणतात. त्याखाली कोलॅजेनच्या धाग्यांचे आणि बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे, आणि त्याखाली स्नायू. आईच्या पोटात हे आवरण आणि त्याखालचे जाळे वेगवेगळ्या पेशींपासून तयार होतात आणि पुढे जन्मभर वेगळेच वागतात. वरचे आवरण काही आठवड्यांत पूर्ण नवे होते. गरम चहाने पोळलेले तोंड चार दिवसांत बरे होते ते त्यामुळे. यावरूनच आपला समज होतो की तोंडाचे काही बिघडत नाही, बिघडले तरी आपोआप भरून येते.

सुपारी मात्र खालच्या थराला धरते. तिच्यातले अरेकोलिन तिथल्या पेशींना गरजेपेक्षा जास्त कोलॅजेन बनवायला लावते. सुपारीतल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. आणि तिच्यातले टॅनिन ते असे पक्के करते की शरीराला जुने धागे मोडून काढता येत नाहीत. चामडे कमावायला बाभळीची साल वापरतात ती टॅनिनसाठीच. दिवसभर गालात सुपारी धरणारा माणूस आपल्याच गालाचे चामडे कमावत असतो. यात तंबाखूची गरजच पडत नाही. तंबाखू आणि चुना घालून पन्नीत घोटलेला खर्रा म्हणजे त्यावर आणखी भर.

या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये केनियात राहणाऱ्या भारतीय बायकांमध्ये त्याचे वर्णन झाले आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी आपल्याकडच्या रुग्णांचे केले. म्हणजे गुटख्याच्या पुड्या बाजारात यायच्या कितीतरी आधी. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखूशिवाय, माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले. केरळात अशा रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांच्यातल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झालेला आढळला.

सुरुवात साधी असते. पूर्वी चालणारे तिखट झोंबू लागते, कारण खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन वरचे आवरण पातळ पडते. मग रुग्ण मेडिकलवर जाऊन ‘तोंड आलं’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणतो. आमच्या धंद्यातलेही काही जण तोंडात बॅटरी न मारता तेच लिहून देतात. गाल पांढुरका, निबर होतो. एक दिवस पाणीपुरी तोंडात जात नाही आणि पोरगा हसून सांगतो.

“आमचा आबाजी जन्मभर पान खाये, त्याले काही झालं नाही,” हेही ऐकतो. आबाजी जेवणानंतर पान खायचे आणि थुंकायचे. तुम्ही तासन्‌तास एकाच गालात तोबरा धरता. शिवाय पान खाऊन ज्यांचे तोंड बंद झाले ते आबाजी गोष्टीत येत नाहीत. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण पानठेल्यावर खर्रा ताजा घोटून मिळतो, सुपारी किराणा दुकानात मिळते, आणि घरी पाहुण्यापुढे ताटलीत आपणच ठेवतो. लहान पोरगं त्यातला तुकडा उचलतं तेव्हा कोणी हात धरत नाही, हा कायद्याचा नव्हे, आपला दोष आहे.

घरातल्या प्रत्येक सुपारी किंवा खर्रा खाणाऱ्याला आज आरशासमोर उभे करा. तोंड पूर्ण उघडून त्याने स्वतःची तीन बोटे एकावर एक, उभी, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघावीत. जात नसतील, किंवा तिखट झोंबत असेल, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे दाखवा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर त्याच आठवड्यात जा. तोंड उघडण्याचे व्यायाम, इंजेक्शने, शेवटी शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. त्यांनी तोंड थोडे मोकळे होते, पण झालेला फायब्रोसिस पूर्ण जात नाही. आणि सुपारी चालू असताना यातले काहीच टिकत नाही, म्हणून ती त्याच दिवशी बंद करावी लागते, गोड असो, साधी असो की भाजकी. तोंड मोकळे झाले तरी तपासणी दर काही महिन्यांनी चालूच ठेवायची, कारण कर्करोगाची भीती सुपारी सोडल्यावरही बरीच वर्षे राहते.