मागच्या रांगेचं काय चुकलं?



आज आधी माझीच एक चूक सांगते. बाईंचीसुद्धा चूक होते, बरं का!

आमच्या तुळजापुरात, शाळेच्या मैदानावर २६ जानेवारीच्या लेझमीचा सराव चालला होता. हलगी वाजवणारं कुणी मिळालं नाही, म्हणून मोबाइलवर हलगीची ध्वनिफीत लावली. मैदान लांबलचक, तेव्हा मोबाइलला दोन बिनतारी ब्लूटूथ स्पीकर जोडले. एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. दोन्ही वेगवेगळ्या बनावटीचे. झालं! पुढच्यांची लेझीम खाली आली, तरी मागच्यांची वरच! मी रागावले. मागच्या रांगेतल्या दोघींना बाजूला उभं केलं. त्यातली एक हळूच म्हणाली, "बाई, आमचा स्पीकरच उशिरा वाजतोय."

मी मैदानाच्या बरोबर मध्यावर जाऊन उभी राहिले. मध्यावरच का? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मध्यावर दोन्ही स्पीकर सारख्याच अंतरावर, म्हणजे दोन्ही आवाज एकदमच यायला हवेत. पण प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला. पोरगी खरं बोलत होती!

असं का झालं? मोबाइल आवाजाचे बारीक तुकडे करून पाठवतो. स्पीकर ते थोडे साठवतो आणि मग वाजवतो. एखादा तुकडा वाटेत अडखळला तरी आवाज तुटू नये, म्हणून ही सोय. घरातल्या रांजणासारखीच! नळ गेला तरी पाणी मिळतं. पण ज्याचा रांजण मोठा, त्याचा आवाज जास्त मागे.

आणखी एक गंमत. मोबाइलचं आणि स्पीकरचं घड्याळ वेगवेगळं असतं. समजा, स्पीकरचं घड्याळ दिवसाला फक्त एक सेकंद मागे पडतं. सीडीच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दर दोन सेकंदांना साधारण एक नमुना वाजायचा शिल्लक राहतो. रांजण भरत जातो, शेवटी सांडतो आणि आवाज 'टक्' करून तुटतो. घड्याळ पुढे पळत असेल, तर रांजण कोरडा! म्हणून चांगला स्पीकर साठ्यावर नजर ठेवून आपला वेग कणभर कमीजास्त करतो. जोडीनं वाजण्यासाठीच बनवलेले स्पीकर तर कुठला तुकडा कोणत्या क्षणी वाजवायचा, हे एकाच घड्याळावरून ठरवतात.

आपले गोंधळी काय करतात? संबळ, तुणतुणं, झांज. प्रत्येकानं आपल्याच मनानं वाजवलं तर कसं व्हायचं? ते एकमेकांचं ऐकतात, म्हणून गोंधळ रंगतो.

त्या दिवशी ऐकायचं राहिलं होतं माझंच. दुसऱ्या दिवशी एकच स्पीकर मैदानाच्या मध्यावर ठेवला आणि सगळ्यांसमोर त्या दोघींची माफी मागितली. लेझीम छान झाली.

करून पहा : मित्राला १०० मीटरवर उभं करून थाळी वाजवायला सांगा. हात आधी दिसेल, आवाज मागून येईल. किती मागून? वरच्या आकड्यावरून गणित करा आणि आईबाबांनाही घाला!

तुमच्या बाई