पास मिळाला, जागेचं काय?

जपानमध्ये सात दिवस हवं तितकं रेल्वेनं फिरण्याचा साधा पास २०२३ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत २९,६५० येनला मिळत होता. १ ऑक्टोबरला तोच पास ५०,००० येनचा झाला. चौदा दिवसांचा ४७,२५० वरून ८०,००० वर गेला आणि एकवीस दिवसांचा ६०,४५० वरून एक लाखावर. इतकी मोठी वाढ एका फटक्यात झाली, पण प्रवाशांना मिळणारा सल्ला होता तिथंच राहिला. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून जपानला निघालेल्या कुटुंबाला आजही पहिली सूचना मिळते ती हीच: आधी पास काढून टाका, बाकीचं तिथं गेल्यावर बघता येईल. युरोपला निघालेल्यांनाही हेच ऐकवलं जातं. हा सल्ला चुकीचा आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे घेणाऱ्याच्या खिशाला बसणारी चाट काही कमी होत नाही.

पासची बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्यायला हवं, कारण ते निराधार नाही. पास स्वस्त पडतो, कुठंही उतरण्या-चढण्याची मोकळीक देतो आणि भाषा न येणाऱ्या देशात दर वेळी तिकिटाच्या खिडकीशी उभं राहण्याची चिंता मिटवतो, असं ते सांगतात. युरोपबाहेरच्या पर्यटकांसाठीचा युरेल पास १९५९ मध्ये निघाला, जपानचा १९८१ मध्ये. कागदी तिकिटांच्या आणि हातानं लिहिलेल्या हिशेबांच्या त्या जमान्यात हे तिन्ही मुद्दे भक्कम होते. शिवाय मुंबईच्या लोकलनं आपल्या मनात पासविषयी पक्का विश्वास रुजवला आहे. रोज विरारहून चर्चगेटला जाऊन परत येणाऱ्याचा मासिक पास पहिल्या काही दिवसांतच वसूल होतो. पण सहलीला गेलेला माणूस रोज तोच रस्ता कापत नाही. तो क्योटोत तीन दिवस देवळं पाहत पायी आणि बसनं हिंडतो. त्या तीन दिवसांत त्याचा रेल्वे पास खिशात पडून असतो आणि मुदत मात्र सरत असते, कारण जपानचा पास सलग दिवसांनी मोजला जातो.

आता आकडे पाहू. टोकियो ते क्योटो हा बुलेट ट्रेनचा प्रवास आरक्षित जागेसह एका बाजूला साधारण १४,००० येनला पडतो. जाऊन-येऊन २८,०००. जुन्या किमतीत पास जवळपास इथंच वसूल व्हायचा, विमानतळाची गाडी धरली तर थोडा फायदाही व्हायचा. ५०,००० येनच्या किमतीत याच प्रवासासाठी पास घेणारा २२,००० येन जास्त मोजतो. त्याला हिरोशिमापर्यंत नेलं तरी हिशेब जुळत नाही. टोकियो-हिरोशिमा एका बाजूला २०,००० येनच्या आतबाहेर आहे, म्हणजे दोन्ही बाजू धरून चाळीस हजारांच्या घरात. त्यातही अनेक जण टोकियोला उतरतात आणि ओसाकाहून परततात, त्यांना परतीचा रेल्वेप्रवासच नसतो. या मार्गावरची सर्वात वेगवान आणि सर्वाधिक फेऱ्यांची गाडी नोझोमी. पास दाखवून तिच्यात बसायचं तर टोकियो-क्योटोसाठी वर आणखी ४,९६० येन द्यावे लागतात. टोकियोची मेट्रो, क्योटोच्या बसगाड्या आणि ओसाकाभोवतीच्या कान्साई भागातल्या खासगी रेल्वे कंपन्या तर या पासात येतच नाहीत.

मग जपानमध्ये पास घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण त्या प्रदेशापुरता. पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीचा कान्साई-हिरोशिमा पास २०२३ च्या दरवाढीनंतर पाच दिवसांसाठी १७,००० येनचा झाला. शिन-ओसाका ते हिरोशिमा हा एका बाजूचा प्रवासच दहा हजारांच्या वर जातो, त्यामुळे नुसतं जाऊन आलं तरी पास वसूल होतो. शिवाय त्यात नोझोमी चालते, कान्साई विमानतळाची हारुका गाडी चालते, हिमेजीचा किल्ला वाटेत उरकता येतो, नाराही पाहता येतं आणि मियाजिमा बेटावर नेणारी रेल्वे कंपनीची फेरीबोटही मिळते. ज्याचा मुक्काम ओसाकात आहे त्यानं देशभराचा पास घेऊ नये आणि हा सोडू नये. ही पासविरोधी भूमिका नव्हे. कोणता पास, कुणासाठी आणि कशासाठी हे आधी विचारा, एवढंच तिचं मागणं आहे.

जागेचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथं चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, गाडी जाते.

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या गाडीचं आरक्षण झालं की डबा आला, बर्थ आला, क्रमांक आला. कन्फर्म झालं की विषय संपला. पैसे भरले म्हणजे जागा मिळाली, हे समीकरण त्यामुळे आपल्या अंगवळणी पडलं आहे. युरोपात प्रवासाचा हक्क वेगळा आणि बसण्याची जागा वेगळी. पासनं मिळतो तो हक्क. फ्रान्सची टीजीव्ही, लंडन-पॅरिस युरोस्टार, इटलीची फ्रेच्चारोस्सा, स्पेनची आवे या गाड्यांमध्ये आरक्षणाशिवाय पाऊलही ठेवता येत नाही आणि पासधारकाला त्या आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. इटलीत ते माणशी सुमारे १३ युरो, फ्रान्समधल्या अंतर्गत गाड्यांना बहुधा १० ते २० युरो, युरोस्टारला ३० युरो किंवा त्याहून जास्त. चार जणांच्या कुटुंबाला हातात पास असूनही फक्त लंडनहून पॅरिसला पोचायला किमान १२० युरो वर द्यावे लागतात. आणखी एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. युरोस्टार आणि टीजीव्हीत पासधारकांसाठी ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की गाडीत साध्या तिकिटाच्या जागा शिल्लक असल्या तरी पासवाल्याला नकार मिळतो. आपल्या रेल्वेतल्या निरनिराळ्या कोट्यांची सवय असलेल्याला हे समजायला जड जाऊ नये, फक्त कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

आता मराठी कुटुंबांचा आवडता मार्ग पाहा: लंडन किंवा पॅरिस, तिथून स्वित्झर्लंड, मग मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम. पॅरिसहून झुरिकला जाणाऱ्या टीजीव्हीला आरक्षण सक्तीचं आहे. स्वित्झर्लंडमधून मिलानला जाणाऱ्या युरोसिटीला सक्तीचं आहे. इटलीतल्या वेगवान गाड्यांना तर आहेच. म्हणजे युरेल पास जिथं सर्वात दुबळा ठरतो, नेमका तोच मार्ग आपण निवडतो. त्याच फ्लोरेन्स-रोम गाडीचं साधं तिकीट काही आठवडे आधी काढलं तर कित्येकदा २० ते ३० युरोंत मिळतं, आणि त्यात जागा धरलेली असते. पासच्या एका दिवसाची किंमत आणि वर १३ युरो यांच्याशी त्याची तुलना कुणीही करून पाहावी.

यावर हमखास येणारी शंका अशी: आगाऊ स्वस्त तिकीट बदलता येत नाही, परत करता येत नाही, मग मोकळीक गेलीच ना? शंका रास्त आहे. पण शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचे पुरावे आणि प्रवासाचा आराखडा जोडावा लागतो. पुण्याहून निघणाऱ्याची हॉटेलं निघण्याच्या कितीतरी आधी, तारखांसह ठरलेली असतात. फ्लोरेन्सहून १२ तारखेला निघून त्याच रात्री रोमला पोचायचं आहे, हे व्हिसाच्या फायलीत लिहूनच ठेवलेलं असतं. पास जी मोकळीक विकतो ती वापरण्याची संधी या प्रवाशाला जवळपास नसते. वापरता न येणाऱ्या मोकळीकीचे पैसे त्यानं का भरावेत?

स्वित्झर्लंडचं प्रकरण मात्र स्वतंत्र तपासायला हवं, कारण तिथं पासवरचा विश्वास बऱ्याच अंशी योग्य आहे. तिथल्या बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नाही. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तळ्यांवरच्या बोटी, शहरांतल्या ट्राम आणि शेकडो संग्रहालयं येतात. रीगीच्या डोंगरावर नेणारी रेल्वेही त्यातच आहे. पण ज्या ठिकाणासाठी अनेक भारतीय तिथं जातात त्या युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर नेणाऱ्या गाडीला, हा पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पुरतो. पुढच्या महागड्या टप्प्यावर केवळ २५ टक्के सवलत मिळते. याउलट स्विस हाफ फेअर कार्ड त्या टप्प्यावरही निम्मं भाडं माफ करतं. २०२५ च्या दरांनुसार दुसऱ्या वर्गाचा चार दिवसांचा पास २९५ फ्रँकला आहे आणि महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड १५० फ्रँकला. दोहोंतला फरक १४५ फ्रँकांचा. तो भरून यायला चार दिवसांत किमान २९० फ्रँक पूर्ण भाड्याचा प्रवास घडायला हवा, आणि युंगफ्राउयोख बेतात असेल तर त्याहूनही जास्त. इंटरलाकेनला तळ ठोकून एक-दोन शिखरं पाहणाऱ्याचा तेवढा प्रवास सहसा होत नाही. ल्युत्सेर्न, मोंत्रो, झेरमाट असं रोज गाव बदलणाऱ्याचा आणि बोटीतही बसणाऱ्याचा सहज होतो. त्याच देशात, त्याच आठवड्यात, शेजारच्या दोन खोल्यांतल्या कुटुंबांसाठी उत्तरं वेगळी असू शकतात.

नयनरम्य गाड्यांबाबतही असंच घडतं. झेरमाट ते सेंट मॉरित्झ जाणारी ग्लेशियर एक्सप्रेस सुमारे आठ तासांत २९१ पूल आणि ९१ बोगदे पार करते. पासात तिचं भाडं येतं, सक्तीच्या आरक्षणाचे पैसे येत नाहीत, आणि उन्हाळ्यात हे आरक्षण लवकर भरतं. बर्निना एक्सप्रेसचंही तेच. पण बर्निना ज्या रुळांवरून धावते, जो मार्ग २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्याच रुळांवरून रेशियन रेल्वेच्या साध्या गाड्याही धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही, पास चालतो आणि त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. काचेच्या छताची गाडी भरली म्हणून सेंट मॉरित्झहून तिरानोला न जाता परतणाऱ्यांना ही एक माहिती कुणी दिली असती, तर ब्रुसिओचा गोल वळसा घेणारा पूल त्यांना डोळे भरून पाहता आला असता.

या सगळ्याचा धागा पकडून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि पास म्हणजे निव्वळ फसवणूक असं सांगू लागतात. तेही खरं नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्स या पट्ट्यात बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही आणि ऐन वेळचं पूर्ण भाडं बरंच चढं असतं. तिथं लांबचे टप्पे असतील तर युरेल पास आपली किंमत चोख वसूल करून देतो. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर फुकट मिळतो, एका मोठ्यामागे दोन मुलांपर्यंत. मध्यरात्रीपूर्वी सुटून दुसऱ्या दिवशी पोचणाऱ्या रात्रगाडीला पासचा एकच दिवस लागतो. म्यूनिक किंवा आखेनला शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना तर युरोपचे रहिवासी म्हणून इंटररेल पास घेता येतो, आणि तारखा आयत्या वेळी ठरवण्याची मुभा असलेल्या विशी-पंचविशीतल्या माणसाला त्याची मोकळीक खरोखर उपयोगी पडते. त्यांच्याकडे पाहुणे आलेल्या आई-वडिलांना मात्र बऱ्याचदा इतकाही खटाटोप लागत नाही. १ मे २०२३ ला महिना ४९ युरोंनी सुरू झालेलं आणि २०२५ मध्ये ५८ युरोंवर गेलेलं डॉइचलँड तिकीट जर्मनीतल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, बस आणि ट्रामना चालतं. वेगवान आयसीईला ते चालत नाही, आणि ते दरमहा आपोआप पुढं चालू राहतं, म्हणून वेळेत बंद करायला हवं.

सक्ती नसली तरी ज्येष्ठांसोबत जाताना जर्मनीत जागा धरावीच. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी आयसीईत लोक दारापाशी उभे असतात. पाच युरोंच्या आसपासचं ते आरक्षण साठीपुढच्या माणसाला चार तास उभं राहण्यापासून वाचवतं. गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत जागेवर बसलं नाही तर हक्क जातो, त्यामुळे डबा नेमका कुठं थांबणार हे फलाटावरच पाहून ठेवावं. काही गाड्यांचे दोन भाग वाटेत वेगळे होऊन निराळ्या शहरांना जातात. जपानमध्येही मोरिओकाला हायाबुसा आणि कोमाची अशाच सुट्या होतात. चुकीच्या डब्यात बसलेला प्रवासी अशा वेळी वेगळ्याच गावाला पोचतो. या दोन्ही जपानी गाड्यांना आरक्षण लागतंच, आणि वर्षअखेर, गोल्डन वीक व ओबोनच्या सुट्यांच्या गर्दीत नोझोमीही पूर्ण आरक्षित धावते. लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर असलेली बॅग असेल, तर टोकियो-ओसाका-हिरोशिमा मार्गावर तिच्यासाठीची खास जागा आधी घ्यावी लागते, नाही तर १,००० येन भरावे लागतात. विमानाला चालणारी १५८ सेंटिमीटरची बॅग यातून थोडक्यात सुटते.

म्हणून क्रम उलटा करायला हवा. आधी मार्ग आणि तारखा कागदावर मांडाव्यात, मग कोणत्या गाडीला जागा सक्तीची आहे ते पाहावं, प्रत्येक टप्प्याचं सुटं भाडं लिहावं आणि अगदी शेवटी त्या बेरजेशेजारी पासची किंमत ठेवावी. हे काम एका संध्याकाळचं आहे. पण सगळा भार प्रवाशावर टाकणंही योग्य नाही. पास विकणाऱ्या प्रत्येक सहल कंपनीनं आणि एजंटानं आपल्या दरपत्रकात पासच्या किमतीखालीच त्या मार्गावरच्या आरक्षणांचा माणशी खर्च छापावा, पासधारकांच्या जागा कोणत्या गाड्यांत मर्यादित आहेत ते लिहावं आणि सुट्या तिकिटांची बेरीजही दाखवावी. ग्राहकानंही हे तीन आकडे मागावेत आणि ते मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.